अर्व्हिंग बर्लिन: गाणं लिहिणारा आणि गाणं राखणारा

मंडळी, डिसेंबरात तुम्ही दुबईच्या मॉलमध्ये असा, लंडनच्या हाय स्ट्रीटवर असा किंवा न्यू जर्सीत औषधाच्या दुकानाच्या रांगेत उभे असा, ‘व्हाइट ख्रिसमस’ हे गाणं कानावर पडल्याशिवाय महिना सरत नाही. बिंग क्रॉस्बीने गायलेली त्याची रेकॉर्ड ही गिनीज बुकाच्या नोंदीप्रमाणे जगातली सर्वाधिक खपाची सिंगल आहे. अमेरिकेत राहत असाल तर आणखी एक गाणं तुम्हाला पाठच झालं असेल: ‘गॉड ब्लेस अमेरिका’. २००१ च्या सप्टेंबरनंतर बेसबॉलच्या मॅचमध्ये सातव्या इनिंगला अख्खं स्टेडियम उभं राहून ते म्हणू लागलं.

दोन्ही गाणी एकाच माणसाची. हा माणूस ख्रिश्चन नव्हता, अमेरिकेत जन्मलेला नव्हता आणि संगीताचं नोटेशन त्याला लिहितावाचता येत नव्हतं. त्याचं नाव अर्व्हिंग बर्लिन. त्याच्या प्रतिभेबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. आपण मात्र त्याची हिशेबाची वही उघडणार आहोत. कारण गाणी लिहिणारे निर्वासित न्यूयॉर्कात शेकड्याने होते. गाणं लिहिणं आणि गाणं आपल्या मालकीचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बर्लिनइतकं लवकर आणि इतकं पक्कं फार थोड्यांना कळलं.

चेरी स्ट्रीटवरचा इझी

इस्राएल बेलिन हे त्याचं जन्मनाव. जन्म ११ मे १८८८ चा, रशियन साम्राज्यातला. वडील मोझेस हे हझान, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारे. आपल्याकडच्या कीर्तनकाराच्या घराशी ताडून बघा: घरात पैसा नाही, पण कानावर सूर सतत. (कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींनी तर हिब्रू बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनंच रचली. त्यामुळे ही तुलना अगदीच ओढूनताणून केलेली नाही.)

त्या काळात झारच्या राज्यात ज्यूंवर हल्ले आणि निर्बंध वाढत होते. लाखो ज्यू घरं सोडून निघाले, त्यांत हे कुटुंबही होतं. सप्टेंबर १८९३ मध्ये ते न्यूयॉर्कला उतरले तेव्हा इस्राएल पाच वर्षांचा होता. कागदावर आडनाव ‘बालीन’ झालं. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडवर, आधी एका तळघरात आणि मग चेरी स्ट्रीटवरच्या कोंदट खोल्यांत, त्यांनी बिऱ्हाड मांडलं. तिकडे मान असलेल्या वडिलांना इकडे हझान म्हणून पुरेसं काम मिळेना. कोशर मांसावर देखरेख करणं आणि मुलांना हिब्रू शिकवणं, यावर ते भागवू लागले. डिग्री असून टॅक्सी चालवणारे काका-मामा ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही गोष्ट नवी नाही.

१९०१ मध्ये वडील वारले. रोज संध्याकाळी आई ॲप्रन पसरून बसायची आणि मुलं दिवसभराची कमाई त्यात टाकायची, असं सांगतात. पेपर विकणाऱ्या इझीची नाणी बहिणींपेक्षा नेहमी कमी भरायची. चौदाच्या आसपास असताना तो घर सोडून गेला, आपला भार आईवर नको म्हणून. बावरी भागातल्या दारूच्या गुत्त्यांत गाऊन तो पैसे मिळवू लागला, रात्री स्वस्तातल्या धर्मशाळेसारख्या निवाऱ्यात झोपू लागला. पुढे चायनाटाउनमध्ये पेल स्ट्रीटवरच्या पेलम कॅफेत त्याला ‘गाणारा वेटर’ म्हणून नोकरी लागली. गिऱ्हाइकांना बिअर द्यायची, गायचं आणि फेकलेली नाणी उचलायची. कॅफे रिकामं झालं की मागच्या पियानोवर बसून बोटांना वाट सापडते का ते बघायचं.

तिथेच १९०७ मध्ये पियानो वाजवणाऱ्या निकल्सनच्या चालीवर त्याने ‘मरी फ्रॉम सनी इटली’ या गाण्याचे शब्द लिहिले. गाणं छापलं गेलं. मुखपृष्ठावर नाव आलं ‘आय. बर्लिन’, आणि ते त्याने कायमचं घेतलं. त्या गाण्यातून त्याच्या वाट्याला पुरते चाळीस सेंटही आले नाहीत. ही रक्कम लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या कारकिर्दीत हा माणूस जणू या हिशेबाची भरपाई करत होता.

छापील गाण्यांचा बाजार

आज गाणं म्हटलं की आपल्याला स्ट्रीमिंग आठवतं. १९०७ मध्ये गाणं म्हणजे छापील पानं: वर नोटेशन, खाली शब्द, रंगीत मुखपृष्ठ. घराघरांत पियानो होते, लोक ती पानं आणून स्वतः वाजवत. आपल्याकडे संगीत नाटकांच्या पदांची पुस्तकं थिएटरबाहेर विकली जायची, तसाच हा धंदा, पण कारखान्याच्या मापाचा. त्याचं केंद्र होतं मॅनहॅटनची पश्चिम २८ वी गल्ली. प्रकाशकांच्या कचेऱ्यांतून एकाच वेळी वाजणाऱ्या पियानोंचा गलका पत्र्याची भांडी बडवल्यासारखा वाटे, म्हणून तिला ‘टिन पॅन ॲली’ म्हणू लागले. त्यातल्या पाच इमारतींना न्यूयॉर्क शहराने २०१९ मध्ये वारसा म्हणून संरक्षण दिलं आहे. तिकडे गेलात तर अवश्य बघून या.

धंद्याची रीत सोपी होती. गीतकार आणि संगीतकार आपलं गाणं प्रकाशकाला देत, कधी थोड्या डॉलरांना कायमचं, कधी प्रतीमागे काही सेंटच्या रॉयल्टीवर. प्रकाशक ते छापून घेई आणि ‘प्लगर’ नेमून नाट्यगृहांत, दुकानांत, हॉटेलांत ते गाऊन घेई. बर्लिनने पोरवयात हे कामही केलं होतं: प्रेक्षकांत बसायचं आणि ठरलेल्या क्षणी उत्स्फूर्त वाटेल असं गाणं उचलून धरायचं. म्हणजे आजचे ‘पेड प्रमोशन’वाले काही नवं करत नाहीत. यात जोखीम प्रकाशकाची होती हे खरं. पण गाणं चाललं, तर मोठा वाटा त्याचाच होता, आणि कॉपीराइटही त्याचाच.

बर्लिन या साखळीत शिरला तो एका गंमतीने. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये डोरांडो पिएत्री हा इटालियन धावपटू मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यावर कोसळला आणि जगभर गाजला. त्याच्यावर बर्लिनने काही ओळी लिहिल्या आणि टेड स्नायडरच्या कंपनीत नेल्या. मॅनेजरने विचारलं, चाल आहे ना? चाल नव्हती. बर्लिन ‘आहे’ म्हणाला. त्याला लगेच आतल्या खोलीत नोटेशन लिहिणाऱ्याकडे पाठवलं गेलं, आणि तिथे उभ्या उभ्या त्याने चाल गुणगुणून दिली. मोबदला पंचवीस डॉलर. आपण चालही बांधू शकतो, हे त्याला त्या दिवशी कळलं म्हणतात.

नोटेशन मात्र तो शिकला नाही. पियानोवर तो मुख्यतः काळ्या पट्ट्यांवरच वाजवायचा. आपल्या हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत, हा काळी तीनचा माणूस. दुसरी पट्टी हवी असेल तर? त्यासाठी त्याने खास पियानो घेतला होता. एक दांडा फिरवला की बोटं तिथेच राहून सूर बदलायचा, अगदी आपल्या ‘स्केल चेंजर’ पेटीसारखा. असा त्याचा एक पियानो आज स्मिथ्सोनियन संग्रहालयाकडे आहे. चाल पक्की झाली की पगारी सहायक ती कागदावर उतरवायचा.

नोकर, भागीदार, मालक

१९०९ मध्ये स्नायडरच्या कंपनीने त्याला आठवड्याच्या पगारावर गीतकार म्हणून ठेवलं, वर रॉयल्टी. १९११ मध्ये त्याचं ‘अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड’ आलं आणि छापील प्रती दहा लाखांवर गेल्या. (त्याच वर्षी मुंबईत गोविंदराव टेंब्यांच्या चालींचं ‘संगीत मानापमान’ रंगभूमीवर आलं. दोन शहरांत एकाच वेळी लोक नव्या चाली गुणगुणत होते.) गाणं अटलांटिक ओलांडून युरोपात गेलं. आता कंपनीला त्याची गरज त्याला असलेल्या कंपनीच्या गरजेपेक्षा जास्त होती, आणि हे त्याला समजत होतं. लवकरच पाटीवर त्याचं नाव लागलं: वॉटरसन, बर्लिन अँड स्नायडर. वेटरची नोकरी सोडून तीन-चार वर्षंच झाली होती.

याच काळात घरी मात्र आभाळ कोसळलं. १९१२ च्या फेब्रुवारीत त्याने डोरोथी गोएट्झशी लग्न केलं. मधुचंद्र क्यूबात झाला. परत आल्यावर ती विषमज्वराने आजारी पडली आणि जुलैत गेली. त्या दुःखातून त्याने ‘व्हेन आय लॉस्ट यू’ हे गाणं लिहिलं. तेही प्रचंड खपलं. स्वतःचा शोक बाजारात मांडावा का, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याला गाण्याशिवाय दुसरी भाषा नव्हती, एवढं तरी म्हणता येतं.

१९१९ मध्ये त्याने भागीदारी सोडून स्वतःची प्रकाशन कंपनी काढली, अर्व्हिंग बर्लिन इन्कॉर्पोरेटेड. १९२१ मध्ये निर्माता सॅम हॅरिसच्या साथीने पश्चिम ४५ व्या गल्लीत स्वतःचं थिएटर बांधलं, म्युझिक बॉक्स. ते आजही चालू आहे. साखळी पूर्ण झाली: शब्द त्याचे, चाल त्याची, छपाई त्याची, रंगमंच त्याचा. जुनी गाणी ज्यांच्याकडे होती, त्यांच्याकडून त्यांचे हक्कही तो सोडवून आणू लागला. गहाण टाकलेलं शेत सोडवावं तसं.

ही कंपनी इतरांचीही गाणी छापायची. डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’मधली गाणी तिथेच प्रकाशित झाली. १९४४ मध्ये भागीदार सॉल बॉर्नस्टीनशी फारकत झाली तेव्हा वाटणी अशी झाली: इतरांच्या गाण्यांचा संग्रह भागीदाराकडे, स्वतःची गाणी बर्लिनकडे. डिस्नेची गाणी सोन्याची खाण होती. तरी त्याने आपलं लेकरू उचललं आणि नवी कंपनी उघडली.

हॉटेलात वाजलं तर पैसे कुणाचे?

आता थोडा कायदा, कारण खरी मेख इथे आहे. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की आपोआप वाजणाऱ्या पियानोचा भोकं पाडलेला कागदी रोल ही गाण्याची ‘प्रत’ नव्हे. म्हणजे त्याबद्दल लेखकाला काहीच देणं नाही. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, नवा कॉपीराइट कायदा आला आणि त्याने रोल किंवा रेकॉर्डमागे दोन सेंट ठरवून दिले. तंत्र पुढे धावतं, कायदा धापा टाकत मागून येतो. हे तुम्हाला ओळखीचं वाटेल.

त्याच कायद्यात नफ्यासाठी केलेल्या जाहीर सादरीकरणाचा हक्कही लेखकाला होता. पण शेकडो हॉटेलं, नाचघरं. एकटा गीतकार कुठे कुठे जाऊन वसुली करणार? म्हणून फेब्रुवारी १९१४ मध्ये गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांनी मिळून ‘ॲस्कॅप’ ही संस्था काढली. संगीतकार व्हिक्टर हर्बर्ट त्यात पुढे होता. पंचविशीतला बर्लिन संस्थापक सदस्य होता. हॉटेलवाले म्हणाले, आम्ही जेवणाचे पैसे घेतो, गाण्याचे नाही. खटला सुप्रीम कोर्टात गेला. १९१७ मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल दिला: गाण्याने गिऱ्हाईक येतं, म्हणजे ते नफ्यासाठीच आहे. तेव्हापासून वाद्यवृंद वाजला की गीतकाराच्या घरी चार पैसे जाऊ लागले. पुढे रेडिओ आला, छापील पानांचा खप कोसळला, तेव्हा याच हक्काने लेखकांना तगवलं.

भारतात अशी संस्था, आयपीआरएस, १९६९ मध्ये स्थापन झाली. पण चित्रपटाचं गाणं लिहिणारे बहुतेक जण करारात सगळे हक्क निर्मात्याला लिहून देत. रॉयल्टीचा अर्धा वाटा गीतकार-संगीतकाराचा, आणि तो त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही, असं कायद्यात यायला २०१२ ची दुरुस्ती लागली. आपल्या आजी-आजोबांच्या ओठांवर असलेली किती मराठी चित्रपटगीतं एकरकमी मानधनावर लिहिली गेली असतील, याचा विचार केला की बर्लिनचा हट्ट नुसता लोभ वाटत नाही.

आणि रॅगटाइम कुणाचं?

पण इथे थांबलो तर गोष्ट अर्धीच राहील. ज्या रॅगटाइमच्या नावावर बर्लिन जगप्रसिद्ध झाला, ते संगीत घडवलं आफ्रिकन-अमेरिकन कलाकारांनी. त्यांच्यातला सर्वांत मोठा, स्कॉट जॉप्लिन, त्याच शहरात होता. १९११ मध्येच त्याने ‘ट्रीमोनिशा’ हा आपला ऑपेरा पदरचे पैसे घालून छापला. त्याचा पूर्ण प्रयोग त्याला जिवंतपणी बघायला मिळाला नाही. १९१७ मध्ये तो गेला, आणि १९७६ मध्ये त्याला मरणोत्तर विशेष पुलित्झर मिळालं. बर्लिनने चाल उचलली अशी कुजबुज तेव्हाही होती. बर्लिनने ती कायम झटकून टाकली. एखादी चाल उचलली की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी दुसरा उरतोच. मालकीचा कायदा एका गाण्याला ओळखतो, एका अख्ख्या समाजाने घडवलेल्या शैलीला ओळखत नाही. गोरा ज्यू पोरगा कचेरीत शिरू शकत होता. जॉप्लिनसाठी तेच दार अरुंद होतं.

बर्लिनचं वागणंही एका रंगाचं नव्हतं. सुरुवातीच्या काळात त्याने इटालियन, ज्यू, कृष्णवर्णीय सगळ्यांची टवाळी करणारी त्या काळच्या फॅशनची गाणी लिहिली. ‘व्हाइट ख्रिसमस’ ज्या ‘हॉलिडे इन’मध्ये आलं, त्याच चित्रपटात तोंडाला काळं फासून केलेलं एक नृत्यगीत आहे. पण १९३३ मध्ये ब्रॉडवेवर गोऱ्या कलाकारांच्या बरोबरीने इथेल वॉटर्सला घेऊन त्याने तिच्यासाठी ‘सपर टाइम’ लिहिलं, झुंडीने नवरा मारला गेलेल्या बाईचं गाणं. दुसऱ्या महायुद्धात ‘धिस इज द आर्मी’ या सैनिकांच्या नाटकात त्याने कृष्णवर्णीय सैनिक हवेतच असा आग्रह धरला, तेव्हा अमेरिकेचं सैन्य वर्णानुसार विभागलेलं होतं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

जे गाणं त्याने देऊन टाकलं

१९१८ च्या फेब्रुवारीत बर्लिनला नागरिकत्व मिळालं आणि त्याच वर्षी तो सैन्यात भरती झाला. लाँग आयलंडवरच्या कॅम्प अप्टनमध्ये त्याने सैनिकांसाठी नाटक रचलं. त्यासाठी लिहिलेलं ‘गॉड ब्लेस अमेरिका’ मात्र फार गंभीर वाटलं म्हणून बाजूला ठेवलं.

त्याच १९१८ मध्ये देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या कॅम्प लुईसमध्ये, पंजाबातून आलेला भगतसिंग थिंद हाही अमेरिकन सैनिकाच्या गणवेशात होता. त्यालाही नागरिकत्व मिळालं, पण ते काढून घेतलं गेलं. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. भारतीयांना हा रस्ता खुला झाला १९४६ मध्ये. म्हणजे ‘माझं घर’ असं गाण्यात म्हणण्याची परवानगीही त्या काळी सगळ्या निर्वासितांना सारखी मिळत नव्हती.

आणि बर्लिनलाही ती पूर्ण मिळाली नव्हतीच. १९३८ मध्ये, हिटलरचं सावट पडलेलं असताना, त्याने पेटीतून ते गाणं काढलं, थोडं बदललं आणि केट स्मिथने १० नोव्हेंबरला ते रेडिओवर गायलं. देश त्याच्यामागे वेडा झाला. लगेच प्रश्नही आला: हा रशियातून आलेला ज्यू कोण आमच्या देशावर गाणं लिहिणारा? १९४० मध्ये कू क्लक्स क्लॅन आणि नाझींचे अमेरिकेतले पाठीराखे यांनी त्यावर बहिष्काराची हाक दिली. डावीकडूनही टीका झाली: वूडी गथ्रीने त्या गाण्याला कंटाळून ‘धिस लँड इज युअर लँड’ लिहिलं.

बर्लिनने काय केलं? १९४० मध्ये त्याने एक विश्वस्त निधी स्थापन केला आणि या गाण्याची सगळी रॉयल्टी बॉय स्काउट आणि गर्ल स्काउटला देऊन टाकली. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने आपल्या सर्वांत मोठ्या गाण्यांपैकी एकाच्या कमाईवर पाणी सोडलं. देशाच्या प्रेमाचे पैसे घेतो, असं कुणी म्हणू नये हेही त्यात असेल. पण मला वाटतं, देऊन टाकायला आधी ते आपलं असावं लागतं, हेही त्याला दाखवायचं होतं. चाळीस सेंटांच्या काळात त्याच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं.

मूठ आवळलेला म्हातारा

म्हातारपणी ही मूठ फारच घट्ट झाली. ‘मॅड’ या विनोदी मासिकाने त्याच्या आणि इतरांच्या गाण्यांच्या चालीवर म्हणता येतील अशी विडंबनं छापली, तर प्रकाशकांबरोबर तोही कोर्टात गेला. १९६४ मध्ये अपील कोर्टाने मासिकाच्या बाजूने निकाल दिला, आणि आज अमेरिकेत विडंबनाचं जे स्वातंत्र्य आहे, त्याचा एक पाया हाच निकाल आहे. स्टीव्हन स्पीलबर्गने ‘ऑलवेज’ हे गाणं चित्रपटासाठी मागितलं, तेव्हा शंभरीच्या घरातल्या बर्लिनने नकार दिला. त्या गाण्यासाठी आपल्या डोक्यात पुढचे बेत आहेत, असं कारण दिल्याचं सांगतात. हे गाणं त्याने १९२६ मध्ये दुसरी पत्नी एलिन मॅके हिला लग्नाची भेट म्हणून दिलं होतं, हक्कांसकट.

कायद्याने मात्र त्यालाही गाठलं. त्या वेळच्या पंच्याहत्तर वर्षांच्या नियमाने १९८६ संपताना ‘अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड’चा कॉपीराइट संपला. गाणं सगळ्यांचं झालं आणि ते पाहायला त्याचा कर्ता जिवंत होता. २२ सप्टेंबर १९८९ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी, मॅनहॅटनमधल्या राहत्या घरी तो गेला.

तुमच्यापैकी कुणी रात्री जागून गाणी बनवत असेल, कुणी रील्सना पार्श्वसंगीत देत असेल, कुणी कंपनीसाठी कोड किंवा डिझाइन करत असेल. पुढचा करार समोर येईल तेव्हा घाईने सही करण्याआधी दोन गोष्टी शोधा: हे काम ‘वर्क मेड फॉर हायर’ म्हणून लिहिलंय का, आणि हक्क किती वर्षांसाठी जाणार आहेत. पंचवीस डॉलर घ्यायला हरकत नाही. बर्लिननेही घेतले होते. फक्त त्या बदल्यात आपण काय देतोय, हे त्याला दारातून बाहेर पडताना माहीत होतं.